फोनवर पहिली गोष्ट कशी करावी : बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी

तीन मिनिटांची एक डिजिटल गोष्ट करायची: बोलण्याला चित्रं जोडून. आवाज तुमचा, माणूस तुमच्या ओळखीचा, गाव तुमचं. आठवीपासून पदवीपर्यंतच्या कुणालाही हे जमतं आणि लागतं फार थोडं: घरातला स्मार्टफोन, एक शंभर पानी वही आणि पाच-सहा आठवड्यांतला मोकळा वेळ. माणूस सप्टेंबरात ठरवा, भेटी दसऱ्याच्या सुट्टीत घ्या, लिखाण आणि जोडणी दिवाळीच्या आसपास संपवा. आपल्याकडच्या शाळांच्या वेळापत्रकात हा बेत चांगला बसतो. जांबोटी-कणकुंबीकडं राहणाऱ्यांनी भर पावसात ध्वनिमुद्रण धरू नये. कौलांवरच्या पावसात माणसाचं बोलणं कळत नाही, आणि ते नंतर कुठल्याही ॲपनं साफ होत नाही.

डिजिटल गोष्ट हा प्रकार १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कार्यशाळांमधून आकाराला आला. साध्या माणसानं स्वतःच्या आवाजात दोन-तीन मिनिटं बोलायचं आणि त्या बोलण्याला थोडी छायाचित्रं जोडायची, असं त्याचं रूप. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बेळगावच्या शिवजयंतीत ज्यांनी चित्ररथावर मावळा होऊन उभं राहून ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवलेत, त्यांना आवाज आणि देखावा एकमेकांना कसे धरून चालतात ते ठाऊक आहे.

या लेखात ॲपपेक्षा ऐकण्याला जास्त जागा दिली आहे, ती मुद्दाम. फोन हातात आला की बहुतेक मुलं आधी कॅमेरा उघडतात, गोल फिरून चित्रण करतात आणि मग त्यावर काय बोलायचं हे शोधत बसतात. जी मुलं आधी एखाद्या माणसासमोर बसून नुसती ऐकतात, त्यांच्या लिखाणात फरक पडतो. ‘खूप’, ‘अतिशय’, ‘महान’ हे शब्द गळतात. वस्तू, साल, गल्ल्यांची नावं, पैशांचे आकडे येतात. विद्यार्थ्याची वाढ मला तिथं दिसते. म्हणून क्रम असा धरा: आधी कान, मग कॅमेरा.

पायरी १ : विषय नको, माणूस निवडा

‘राजहंसगडावर करू’, ‘गोकाकच्या धबधब्यावर करू’ अशी सुरुवात बहुतेक जण करतात. गड आणि धबधबा सुंदरच आहेत, पण त्यांची चित्रं ढिगानं उपलब्ध आहेत आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं तुमच्याजवळ वेगळं असं काही नसतं. त्याऐवजी त्या जागेशी जोडलेला माणूस शोधा. गोकाकच्या सूतगिरणीत ज्यांचं आयुष्य गेलं असे कुणाचे तरी आजोबा असतातच.

आपल्या भागात अशी माणसं दाराशी आहेत. वडगाव-खासबागेत माग चालवणारी घरं आहेत. निपाणीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं, शेतकरी महामार्गावर येऊन बसले. तेव्हा विशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून बसली आहेत आणि त्यांना विचारायला कुणी आलेलं नाही. खानापूरला कुंभारकाम आणि कौलं आहेत. येळ्ळूरच्या शिवारात बासमती पिकवणारे शेतकरी आहेत. अथणीकडं चपला करणारे कारागीर आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून, आणि बेळगाव जिल्हा त्यांतला एक आहे. नाव कोल्हापूरचं आणि हात अथणीचा, यात एक अख्खी गोष्ट आहे.

निवडताना तीन गोष्टी पाहा. या माणसाला तुम्ही दोन-तीनदा भेटू शकता का? त्याच्या हाताला काही काम आहे का, जे दिसतं आणि ज्याचा आवाज येतो? आणि त्याच्याबद्दल तुम्हाला स्वतःला माहीत नसलेलं काही आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, मला सगळं माहीत आहे’ असं येत असेल तर दुसरा माणूस बघा.

सीमाप्रश्नाच्या आठवणी पुष्कळ घरांत आहेत. १९५६ची राज्य पुनर्रचना, १ जून १९८६चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक हे विषय मुलं आणतात आणि आणावेतही. माझा सल्ला एवढाच, की तो पहिल्या गोष्टीचा विषय करू नका. अशा गोष्टीत तारखा आणि नावं काटेकोर तपासावी लागतात, घरच्यांच्या जखमा सांभाळून विचारावं लागतं आणि हे कसब एक-दोन गोष्टी केल्यावर येतं. मग मात्र जरूर करा, आणि त्या दिवशी त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं एवढ्यापुरती ठेवा.

पायरी २ : भेटायला जाणं आणि विचारणं

पहिल्या भेटीत फोन खिशातच राहू द्या. चहा घ्या, बसा, काम बघा, हात लावू दिला तर लावा. मागासाठी कांड्या (दोरा गुंडाळायच्या छोट्या नळ्या) भरताना दोरा बोटांत कसा सरकतो हे एकदा करून बघितल्याशिवाय त्याबद्दल नीट विचारता येत नाही. घरी आल्यावर त्याच रात्री वहीत लिहून काढा: काय दिसलं, कसला वास होता, कुठले शब्द नवीन कानावर पडले. मागावरचा धोटा, बिडीचं सूप, भट्टीतली कौलं, या प्रत्येक धंद्याचे आपले शब्द असतात. ते जसेच्या तसे लिहा.

नात्यातल्या आजीला तुम्ही ‘तू’ म्हणत असाल तर मुलाखतीतही ‘तू’च म्हणा. एरवी ‘आजी, तू’ म्हणणारी नात फोन समोर आल्यावर ‘तुम्ही’वर गेली की आजीही अवघडते आणि भाषण दिल्यासारखं बोलू लागते. ओळखीच्या काकांना, मामांना जसं बोलता तसंच बोला.

दुसऱ्या भेटीला प्रश्न घेऊन जा. ‘तुम्हाला कसं वाटतं?’, ‘तुमचा संघर्ष सांगा’, ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ हे प्रश्न वहीतून काढून टाका. त्यांची उत्तरं सगळीकडं सारखीच येतात. त्यांच्या जागी असे प्रश्न लिहा:

‘पहिल्या आठवड्याची मजुरी हातात आली ती कुठं ठेवली?’
‘हे काम तुला कुणी शिकवलं? शिकवताना काय म्हणाले?’
‘वीज गेली की तुम्ही काय करता?’
‘या खोलीत पूर्वी होतं आणि आता नाही असं काय काय आहे?’
‘हे काम कन्नड बोलणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर कसं चालायचं? हिशेब कुठल्या भाषेत व्हायचा?’

शेवटचा प्रश्न आपल्या भागात हमखास फळतो. बहुतेकांचं घरातलं बोलणं एका भाषेत, बाजारातलं दुसऱ्या आणि भांडण तिसऱ्या भाषेत असतं, आणि तो विषय निघाला की माणसं खुलतात.

उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच अंक मोजा. पुष्कळदा खरं बोलणं त्या थांबण्यानंतर येतं. नवख्या विद्यार्थ्याला हे सगळ्यात जड जातं, कारण शांतता झाली की आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. शिक्षकांनी वर्गात याचा सराव घ्यावा: दोघादोघांच्या जोड्या करा, एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं एक शब्दही न बोलता ऐकायचं आणि मग ऐकलेलं त्याच क्रमानं परत सांगायचं. पहिल्या दिवशी फार कमी जणांना जमतं. तीन-चार तासांनंतर वर्गाचं ऐकणंच बदललेलं दिसतं, आणि त्याचा उपयोग विज्ञानाच्या तासालाही होतो.

पायरी ३ : परवानगी

ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळायची नाही. ध्वनिमुद्रण सुरू करताच त्या माणसाच्या तोंडून नाव आणि ‘हे बोलणं मुद्रित करायला माझी हरकत नाही’ हे वाक्य घ्या. गोष्ट कुणाला दाखवणार आहात ते स्पष्ट सांगा: फक्त वर्गात, गावच्या कार्यक्रमात की इंटरनेटवर. या तिन्ही वेगळ्या परवानग्या आहेत. पूर्ण झालेली गोष्ट सगळ्यांच्या आधी त्या माणसाला दाखवायची, आणि ‘हे वाक्य काढ’ म्हटलं तर काढायचं. १८ वर्षांखालच्या कुणाचा चेहरा किंवा आवाज वापरायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. त्यात तुम्ही स्वतःही आलात.

बेळगावकरांसाठी आणखी एक. कॅम्प भागात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या परिसरात, सांबऱ्याच्या विमानतळाजवळ लष्करी जागांचं चित्रण करू नका. किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, दाखवायची असेल तर तिथं काय टिपायची परवानगी आहे हे आधी विचारा.

पायरी ४ : आवाज टिपणं

चित्र थोडं हललं तर बघणारा चालवून घेतो. बोलणं कळलं नाही तर तो दहा सेकंदांत उठून जातो. म्हणून इथं वेळ घाला.

फोन एरोप्लेन मोडवर टाका. पंखा, फ्रीज, टीव्ही बंद करा आणि भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांची दोरी असलेली खोली निवडा. फोनचा माइक तोंडापासून साधारण एक वीत लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसत नाही. काही शे रुपयांत मिळणारा कॉलरला लावायचा वायरवाला माइक असेल तर उत्तम, पण त्याच्यासाठी काम अडवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये निवड असेल तर ४८ किलोहर्ट्‌झ आणि वेव्ह (WAV) हा फाइलचा प्रकार निवडा. असं एकपदरी (मोनो) मुद्रण मिनिटाला साधारण ६ एमबी जागा घेतं, म्हणजे अर्ध्या तासाच्या मुलाखतीला दोनशे एमबीच्या आत काम होतं.

आता मागाचं उदाहरण घेऊ. चालत्या मागाशेजारी मुलाखत घेतली तर खटखटीशिवाय काही ऐकू येणार नाही. मुलाखत माग बंद असताना घ्या. मग माग सुरू झाला की फक्त त्याचा आवाज दोन मिनिटं वेगळा टिपा: एकदा जवळून, एकदा शेजारच्या खोलीतून, एकदा गल्लीतून. जोडणी करताना बोलण्याखाली तो आवाज अगदी हळू सोडायचा आणि दोन वाक्यांच्या मधे थोडा वर आणायचा. सूप पाखडणं, चाकावर माती थापणं, चपलेवर हातोडी पडणं, सगळ्याला हीच रीत. शिवाय त्या खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवा. बोलण्यातला एखादा तुकडा कापल्यावर मधे एकदम बहिरेपणा येतो, तिथं ही शांतता भरता येते.

घरी पोचताच फाइलची एक प्रत दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवर टाका. नाव देताना तारीख आधी आणि मग माणूस: ‘२०२५-१०-०३-आजी-कांड्या’. ‘नवीन मुद्रण १७’ असल्या नावाची फाइल पुढच्या महिन्यात तुम्हाला सापडणार नाही.

पायरी ५ : लिहिणं, आणि पुन्हा लिहिणं

मुलाखत कानाला लावून ऐका आणि महत्त्वाचे तुकडे वहीत शब्दशः उतरवा, प्रत्येकासमोर मिनिट-सेकंद लिहून. बोललेलं टाइप करून देणारी साधनं आहेत. मदतीला घ्या, पण ती पुण्या-मुंबईच्या मराठीवर बरी चालतात. आजी ‘काय करूलास रे?’ म्हणाली की त्यांची गाडी भलतीकडं जाते. शेवटचा शब्द तुमच्या कानाचा. आणि आजीनं जे म्हटलं ते तसंच ठेवा, त्याची पुस्तकी मराठी करू नका.

तीन मिनिटांच्या निवेदनाला सुमारे ३३० ते ३५० शब्द पुरतात, म्हणजे वहीची दोन पानं. पहिल्या खर्ड्यात बहुधा असं काही येतं:

‘माझी आजी खूप कष्टाळू आहे. तिने आयुष्यभर खूप कष्ट केले. तिने अनेक संकटांना तोंड दिले. आम्हाला तिचा अभिमान आहे.’

यात खोटं काही नाही, पण ही आजी कुणाचीही असू शकते. आता वहीतल्या नोंदी उघडून पुन्हा लिहा:

‘आजीच्या उजव्या अंगठ्याला एक खाच आहे. दोऱ्याची. कांड्या भरायचं काम सुटून कितीतरी वर्षं झाली, पण टीव्ही बघताना तिचा हात पदराचं टोक गुंडाळत राहतो. मी विचारलं, आजी, काय करूलीस? ती म्हणाली, काही नाही की.’

दुसऱ्या खर्ड्यात ‘कष्ट’ हा शब्दच नाही, तरी कष्ट दिसतात. हा बदल मुलाला समजावून सांगून होत नाही. त्यानं परत जाऊन अंगठा बघावा लागतो. शिक्षकांनी पहिल्या खर्ड्यावर लाल शाई चालवू नये. फक्त विचारावं, ‘हे तुला कसं दिसलं? कुठं होतास तू तेव्हा?’ आणि खर्डा परत द्यावा. तीन खर्डे होऊ द्या, आणि तिन्ही जपून ठेवा.

सुरुवात जन्मतारखेपासून किंवा ‘बेळगाव हे एक ऐतिहासिक शहर आहे’ इथून करू नका. काम चालू असतानाचा एखादा क्षण उचला. शेवटी संदेश देऊ नका. गोष्टीतला शेवटचा खरा तपशील आला की थांबा.

लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य लांब आहे किंवा शब्द तुमचा नाही. ‘सदर’, ‘अविरत’, ‘वाटचाल’ असे शब्द तोंडात बसत नाहीत, ते काढा. लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं तर माझी हरकत नाही. निवेदन मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ती साधनं पहिल्या खर्ड्यातली आजी फार सफाईनं लिहून देतात. अंगठ्यावरची खाच त्यांना ठाऊक नसते, ती तुम्हीच बघितलेली असते.

तारखा आणि नावं तपासण्याची सवय इथंच लावून घ्या. आजोबा सांगतात ते त्यांच्या आठवणीतलं असतं, आणि आठवणीत साल मागंपुढं होतं. ‘गांधीजी बेळगावला आले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना पाहिलं’ असं कुणी सांगितलं, तर काँग्रेसचं बेळगाव अधिवेशन डिसेंबर १९२४मध्ये झालं आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन, एवढं पक्कं करून घ्या आणि वडिलांचं तेव्हाचं वय जुळतं का बघा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. अशा जुन्या ग्रंथालयात जा, ग्रंथपालांना विषय सांगा. १८८४ साली निघालेलं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण आपल्या गावाचं नाव त्यात सापडलं की मुलं शब्दकोश घेऊन बसतात.

पायरी ६ : चित्रं

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडं निवेदनाची वाक्यं, उजवीकडं त्या वेळी काय दिसेल ते. तीन मिनिटांना पंधरा-वीस चित्रं भरपूर झाली. आवाज ‘अंगठा’ म्हणतो तेव्हा अंगठाच दाखवायला हवा असं नाही. रिकामी कांडी दाखवली तर बघणारा स्वतः जोडून घेतो.

फोन आडवा धरा, लेन्स पुसा, माणसाला खिडकीकडं तोंड करून बसवा. ट्यूबलाइटखाली चित्रण करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर त्याचं कारण आपली ५० हर्ट्‌झची वीज आणि फोनचा सेकंदाला ३० चित्रांचा वेग यांचा मेळ नसणं हे आहे. फोनमध्ये २५चा वेग असेल तर तो निवडा, नसेल तर दिवसाउजेडी काम करा. एकच काम पाच तऱ्हांनी टिपा: हात जवळून, चेहरा जवळून, दोन्ही मिळून, खांद्यामागून, आणि पाचवं तुम्हाला सुचेल ते. प्रत्येक चित्र दहा सेकंद न हलवता धरायचं. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. १०८० पिक्सेलचं चित्रण मिनिटाला ६० ते १३० एमबी खातं, तेव्हा निघण्याआधी फोनमधली जागा मोकळी करा.

जुने फोटो अल्बममधून काढता आले तर काढून, दारातल्या सावलीत ठेवून, फ्लॅशशिवाय टिपा. फोटोच्या पाठीमागं काही लिहिलेलं असेल तर तेही टिपा. आणि फोटो दाखवत असताना मुद्रण सुरू ठेवा: ‘हा कोण, ही कोण’ हे सांगताना माणसं जे बोलतात ते मुलाखतीत कधीच बोललेली नसतात.

पायरी ७ : जोडणी

आवाजासाठी संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत साधन पुरतं. चित्रांसाठी संगणकावर शॉटकट किंवा ओपनशॉट, फोनवर काइनमास्टर किंवा इनशॉट. फोनवरच्या मोफत आवृत्तीत कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह उमटतं, ते राहू द्या. कुठलं साधन चांगलं यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका. शाळेच्या संगणकावर जे चालतं ते घ्या.

आधी आवाजाची पट्टी पूर्ण करा: निवेदन, आजीच्या आवाजातले दोन-तीन तुकडे, खालून मागाचा आवाज. डोळे मिटून ऐका. चित्रांशिवाय गोष्ट कळली पाहिजे. मगच चित्रं लावा. चित्रं गरगर फिरवणाऱ्या करामतींपासून लांब राहा.

चित्रपटातली गाणी पार्श्वसंगीताला लावू नका. आपल्याकडं १९५७च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. गावच्या भजनी मंडळाला विचारा, टाळ-मृदंगाचं अर्धं मिनिट आनंदानं वाजवून देतात. त्यांचं नाव शेवटी द्या.

शीर्षकासाठी ‘मुक्त’ (Mukta), ‘नोटो’ (Noto) किंवा ‘बलू’ (Baloo) हे मोफत देवनागरी फाँट वापरता येतात. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ तुटून पडतात. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर डोळ्यांनी वाचा.

आता उपशीर्षकं. मराठी गोष्टीला खाली कन्नड ओळी द्या. मला या सगळ्या उद्योगातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत आपण कन्नड परीक्षेसाठी शिकतो. इथं आजीचं वाक्य कन्नडमध्ये नेताना ते दोन्ही भाषांत तोलावं लागतं. कन्नडच्या बाईंकडं किंवा सरांकडं जा, गल्लीतल्या कन्नड मित्राला शेजारी बसवा. त्याच्या आजीची गोष्ट तुम्ही मराठीत उतरवून द्या. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, आणि निदान दोन सेकंद त्या दिसल्या पाहिजेत. सराव हवा असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी उघडून वाचा.

पायरी ८ : दाखवणं

पहिला प्रेक्षक तो माणूस. दुसरा वर्ग. वर्गात ‘छान झालं’वर थांबू देऊ नका, बघणाऱ्यांनी तीन गोष्टी लिहून द्याव्यात: काय लक्षात राहिलं, कुठं कंटाळा आला, काय कळलं नाही. ज्यानं गोष्ट केली त्यानं त्या वेळी बचाव न करता ऐकायचं आणि घरी जाऊन एक तरी दुरुस्ती करायची.

तिसरा प्रेक्षक गाव. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं गावपातळीवर मराठी साहित्य संमेलनं भरतात. आयोजकांना आधी भेटून तीन मिनिटं मागून घ्या. गणपतीच्या मंडपात, वाचनालयाच्या खोलीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातही जागा मिळते. इंटरनेटवर टाकायचं ठरलं तर घरचा पत्ता, फोन नंबर, गणवेशावरचं शाळेचं नाव पडद्यावर येत नाही ना ते बघा, आणि खातं पालकांच्या किंवा शाळेच्या नावानं असू द्या.

शिक्षकांसाठी थोडं. या कामाला गुण द्यायचेच असतील तर शेवटच्या चित्रफितीला देऊ नका; ज्याच्या घरी चांगला फोन त्याची फीत चकचकीत दिसणारच. पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवा, मुलाखतीतले पहिल्या आणि शेवटच्या भेटीतले प्रश्न शेजारी ठेवा, निवेदनाचं पहिलं आणि शेवटचं मुद्रण ऐका. फरक तिथं स्पष्ट दिसतो. गटात काम दिलं असेल तर कामं फिरवा, नाहीतर बोलका मुलगा कायम निवेदक होतो आणि मुली फक्त अक्षर काढत बसतात. वर्गात अडखळत बोलणारी मुलं मुद्रणात पुष्कळदा खुलतात, कारण तिथं वाक्य पुन्हा म्हणायची मुभा असते. घरी कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणारं मूल मराठी शाळेत असेल तर त्याला घरच्या भाषेत मुलाखत घेऊ द्या आणि निवेदन मराठीत करू द्या.

सगळं झाल्यावर मूळ मुद्रणं, तिन्ही खर्डे, चित्रं आणि तयार गोष्ट एका फोल्डरमध्ये भरा. एक प्रत शाळेत, एक घरी आणि एक पेनड्राइव्हवर त्या माणसाच्या घरी नेऊन द्या. अख्खी मुलाखत द्या, फक्त तीन मिनिटं नव्हे. घरच्यांना ती जास्त हवी असते.

मग दुसरी गोष्ट लगेच सुरू करा. त्यासाठी पहिली मुलाखत पुन्हा ऐका आणि त्यात नुसतं नाव येऊन गेलेली माणसं वहीत उतरवा: आजीला काम शिकवणारी शेजारीण, हिशेब लिहिणारा कारकून, शहापूरच्या बाजारातला व्यापारी. त्यांतलं कोण अजून आहे, कुठं राहतं, हे आजीलाच विचारून या.